उतरत्या थंडीतील वादळी पाऊस व गारपीट : पूर्वसूचना कशी वाचावी आणि कामे कोणत्या क्रमाने करावीत

माघ सरून फाल्गुन लागण्याच्या सुमारास आपल्या शेतीचे वर्षभराचे श्रम उघड्यावर येऊन पडलेले असतात. हरभरा काढून शेतात पसरलेला असतो, गहू पिवळा पडू लागलेला असतो, रब्बी ज्वारीची कणसे भरलेली असतात. नाशिक व सांगलीकडे द्राक्षांचे घड तोडणीस आलेले असतात, कांद्याची काढणी चाललेली असते आणि कोकणात आंब्याच्या मोहोरातून कैरी धरू लागते. पेरणीपासून चार महिने जो खर्च व जी मेहनत झाली, तिचे फळ घरात येण्यास अवघे आठ-पंधरा दिवस उरलेले असतात. नेमक्या याच दिवसांत आकाश भरून यावे, वारा सुटावा आणि घटकाभराच्या गारपिटीने सारे शेत झोडपून निघावे, हा अनुभव महाराष्ट्रातील शेतकऱ्यांस नवा नाही.

अशी वादळे थांबविणे मनुष्याच्या हाती नाही. तथापि ती येण्याची चाहूल आता चार-पाच दिवस आधी लागू शकते. मिळालेल्या त्या अवधीत कोणते काम आधी करावे व कोणते मुळीच करू नये, हे ठरविणे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे. ग्रामस्तरावरील कार्यकर्ते व शेतकरी या दोघांस उपयोग व्हावा म्हणून या वादळांचे स्वरूप, पूर्वसूचनेची भाषा व कामांचा क्रम यांचा विचार येथे केला आहे.

वादळ कोठून येते

हिवाळ्यात भूमध्य समुद्र व कास्पियन समुद्राच्या परिसरात कमी दाबाची क्षेत्रे तयार होतात. वातावरणाच्या वरच्या थरातून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान वाऱ्यांबरोबर ती इराण, अफगाणिस्तान व पाकिस्तान ओलांडून भारताच्या वायव्य भागात येतात. हवामानशास्त्रात यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात. हिवाळ्याच्या महिन्यांत दरमहा सरासरी चार ते सहा विक्षोभ येतात. हिमालयातील बर्फ आणि पंजाब, हरियाणा व उत्तर प्रदेशातील गव्हास उपयोगी पडणारा हिवाळी पाऊस यांच्यामुळेच मिळतो. म्हणजे उत्तरेस जे वरदान आहे, तेच अधूनमधून आपल्याकडे संकट होऊन उतरते.

बहुतेक विक्षोभ हिमालयाच्या बाजूने पूर्वेस निघून जातात आणि आपल्याला केवळ थोडे ढग व थंडीतील चढउतार जाणवतो. परंतु फेब्रुवारी व मार्चमध्ये एखादा विक्षोभ प्रबळ असला, तर वरच्या हवेतील थंड वाऱ्यांचा पट्टा वाकून दक्षिणेकडे महाराष्ट्रापर्यंत उतरतो. त्याच वेळी बंगालच्या उपसागरावर हवेचा दाब अधिक असेल, तर तेथून दमट वारे विदर्भ व मराठवाड्यावर येऊ लागतात. अरबी समुद्रावरूनही बाष्प येते. खाली उबदार व दमट हवा आणि वर कोरडी व थंड हवा, अशी ही रचना झाली की वातावरण अस्थिर होते. त्यात दुपारच्या उन्हाने जमीन तापली म्हणजे खालची हवा जोराने वर उसळते आणि काही तासांत बारा-पंधरा किलोमीटर उंचीचे गडगडाटी ढग उभे राहतात.

विदर्भ, मराठवाडा, खानदेश व मध्य महाराष्ट्र यांना या वादळांचा उपद्रव अधिक होतो, कारण दोन भिन्न प्रकृतीचे वारे एकमेकांस भेटण्याची जागा बहुधा याच भागांवर असते.

गार कशी बनते

ढगात सुमारे चार किलोमीटर उंचीवर तापमान शून्य अंशाखाली जाते. त्यावरच्या थरात पाण्याचे असंख्य सूक्ष्म थेंब असे असतात की, ते शून्याखाली जाऊनही गोठलेले नसतात. एखाद्या हिमकणास असे थेंब येऊन चिकटले म्हणजे ते तत्काळ गोठतात व कण वाढू लागतो. ढगातील वर जाणारा वारा त्याला उचलून धरतो. जितका हा वारा जोरकस, तितका वेळ गार ढगात राहते व तितकी मोठी होते. तिचे वजन वाऱ्यास पेलवेनासे झाले की ती खाली कोसळते. गार फोडून पाहिली असता आत कांद्यासारखे एकावर एक थर दिसतात, ते तिच्या या वाढीचेच असतात.

अडीच ते साडेचार सेंटिमीटर व्यासाची गार ताशी सुमारे 40 ते 65 किलोमीटर वेगाने जमिनीवर येते. त्यात वादळी वाऱ्याचा तिरपा जोर मिळाला म्हणजे गव्हाची ओंबी तुटते, हरभऱ्याचे घाटे फुटतात, द्राक्षाचे मणी चिरतात आणि डाळिंब व संत्र्याच्या झाडांची साल सोलून निघते.

पावसाळ्यात इतके ढग असूनही गारा क्वचितच पडतात, याचे कारणही येथेच आहे. त्या दिवसांत गोठणबिंदूची पातळी पाच किलोमीटरांच्याही वर असते. खालची सारी हवा उबदार असल्यामुळे बनलेली गार जमिनीपर्यंत येईतो वितळून जाते. उतरत्या थंडीत ही पातळी खाली असते व जमीन मात्र तापू लागलेली असते. म्हणून हा ऋतुसंधीचा काळच गारपिटीचा खरा काळ होय.

मागील अनुभव काय सांगतो

सन 2014 मध्ये फेब्रुवारीच्या अखेरच्या आठवड्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत, सुमारे तीन आठवडे, महाराष्ट्रात पुनःपुन्हा वादळी पाऊस व गारपीट झाली. राज्यातील 28 जिल्ह्यांस तिची झळ लागली. गहू, हरभरा, ज्वारी, कांदा, द्राक्षे, डाळिंब, संत्री व मोसंबी या पिकांची मोठी हानी झाली आणि जनावरेही दगावली. एक वादळ गेले म्हणजे धोका टळला असे मानू नये, हा त्या वर्षाचा पहिला धडा. एकामागून एक विक्षोभ येत राहिले व प्रत्येक वेळी नवे क्षेत्र सापडत गेले.

सन 2015 मध्ये 28 फेब्रुवारी व 1 मार्च या दोन दिवशी, म्हणजे शनिवारी व रविवारी, एका प्रबळ विक्षोभामुळे राज्याच्या मोठ्या भागात अवकाळी पाऊस झाला. तोडणीस आलेल्या द्राक्षांस व काढून ठेवलेल्या रब्बी मालास त्याचा फटका बसला. सर्वत्र गारा पडल्या नाहीत, तरी नुकसान झाले. केवळ भिजण्यानेही हाती आलेला माल जातो, हा दुसरा धडा.

सन 2018 मध्ये 11 फेब्रुवारीस, रविवारी, मराठवाडा व विदर्भातील जालना, बीड, बुलढाणा आदी जिल्ह्यांत गारपीट झाली. पुष्कळ ठिकाणी ती सकाळीच झाली आणि तीत मनुष्यहानीही झाली. गडगडाटी वादळे बहुधा दुपारनंतर येतात हे खरे. तरीपण प्रबळ विक्षोभाच्या वेळी ती कोणत्याही प्रहरी येऊ शकतात, हा तिसरा धडा.

यांपैकी दोन प्रसंग आठवड्याच्या अखेरीस आले हा योगायोग होय. वादळास वार नसतो. परंतु शनिवार-रविवारी सरकारी कचेऱ्या बंद असतात आणि कित्येक ठिकाणी बाजार समितीतील व्यवहारही थांबलेले असतात. यास्तव आठवड्याच्या अखेरच्या वादळाची तयारी शुक्रवारच्या दिवसाउजेडी व्हावयास हवी, हे ध्यानात ठेवावे.

पूर्वसूचनेची भाषा

शेतीसाठी हवामानशास्त्राचा उपयोग करण्याचे काम आपल्या देशात पुणे येथे 1932 साली पद्धतशीरपणे सुरू झाले, आणि 1945 पासून शेतकऱ्यांसाठी हवामानवार्ता आकाशवाणीवरून देण्यात येऊ लागली. आज भारतीय हवामानशास्त्र विभाग व कृषी विद्यापीठे यांच्या सहकार्याने दर मंगळवारी व शुक्रवारी कृषी हवामान सल्ला प्रसृत होतो आणि त्यात पुढील पाच दिवसांचा अंदाज असतो. याखेरीज जिल्हावार इशारे रोज दिले जातात. ही माहिती आकाशवाणी, वृत्तपत्रे व भ्रमणध्वनी यांवरून मिळते. विभागाचे 'मेघदूत' हे उपयोजन त्यासाठीच आहे.

या सूचनांतील शब्द मोजूनमापून वापरलेले असतात. त्यांचा अर्थ नीट न कळल्यामुळे पुष्कळदा गैरसमज होतो.

'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या विभागातील पर्जन्यमापक केंद्रांपैकी फार तर चौथ्या हिश्श्यास पाऊस मिळेल. 'काही ठिकाणी' म्हणजे चौथ्या हिश्श्याहून अधिक व निम्म्यापर्यंत. 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे निम्म्याहून अधिक व तीन चतुर्थांशांपर्यंत. 'बहुतेक ठिकाणी' म्हणजे त्याहूनही अधिक. हे शब्द पाऊस किती क्षेत्रावर पडेल ते सांगतात, किती जोराने पडेल ते नव्हे. जोरासाठी वेगळे शब्द आहेत. चोवीस तासांत सुमारे अडीच ते साडेपंधरा मिलिमीटर पाऊस हलका, तेथून साडेचौसष्टपर्यंत मध्यम व त्यापुढे जोरदार समजला जातो.

यावरून 'तुरळक ठिकाणी गारपीट' ही सूचना किरकोळ समजणे कसे चुकीचे आहे, ते दिसून येईल. गारपीट ही स्वभावतःच तुरळक असते. गारांचा पट्टा बहुधा काही किलोमीटर रुंद असतो. एका शिवारात पीक भुईसपाट होते व शेजारच्या गावी पावसाचा टिपूसही नसतो. परंतु ज्या शिवारावर तो पट्टा येतो, तेथे नुकसान पुरेपूर होते.

रंगांचे इशारेही समजून घ्यावेत. हिरवा रंग म्हणजे धोका नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. केशरी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे तत्काळ कृती करा. उतरत्या थंडीतील वादळास पिवळा रंग मिळाला, तरी काढणीच्या दिवसांत तो शेतकऱ्याने केशरी समजूनच वागावे. पिवळा इशारा सर्व जनतेसाठी असतो आणि ज्याचा माल उघड्यावर पडला आहे, त्याचा धोका इतरांहून अधिक असतो.

अंदाजाची मर्यादाही सांगितली पाहिजे. विक्षोभ येत आहे, बाष्प येत आहे व अमुक जिल्ह्यांत गडगडाटी वादळ होण्याचा संभव आहे, हे तीन ते पाच दिवस आधी कळू शकते. परंतु गार नेमक्या कोणत्या गावावर पडेल, हे आधल्या दिवशीही सांगता येत नाही. ढग उभे राहिल्यावर डॉप्लर रडारने ते दिसतात आणि पुढील दोन-तीन तासांपुरती तात्कालिक सूचना देता येते. यास्तव कामाचेही दोन भाग करावेत. माल उचलण्याचे व झाकण्याचे काम पाच दिवसांच्या अंदाजावरून उरकावे, आणि माणसे व जनावरे सुरक्षित जागी नेण्याचे काम तात्कालिक सूचनेवरून करावे.

कामांचा क्रम

इशारा मिळाला की बहुतेक शेतकरी प्रथम उभ्या पिकाकडे धाव घेतात व हाती येईल ते कापू लागतात. हा क्रम उलटा आहे. उभे पीक पावसाने भिजले तरी वाऱ्याने व उन्हाने वाळते. कापून जमिनीवर पसरलेले पीक खालून व वरून दोन्हीकडून भिजते, दाण्यास मोड येतात, बुरशी लागते व दाणा काळा पडतो. म्हणून क्रम पुढीलप्रमाणे असावा.

पहिले काम कापून पडलेल्या मालाचे. दुसरे काम खळ्यावरील व उघड्यावर साठविलेल्या मालाचे. तिसरे काम पूर्ण पक्व झालेले पीक कापण्याचे, आणि तेही जेवढे त्याच दिवशी उचलून झाकता येईल तेवढेच. अर्धकच्च्या पिकास मात्र मुळीच हात लावू नये.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका कुटुंबाचा एक एकर हरभरा उपटून शेतात पडला आहे, अर्धा एकर कांदा काढून वाफ्यात पसरला आहे व तीन एकर गहू उभा आहे. त्यांपैकी एक एकर पक्व व दोन एकर चिकात आहे. शनिवारी दुपारनंतर वादळाचा इशारा आहे, हाताशी सहा माणसे आहेत व आज शुक्रवारची सकाळ आहे. या कुटुंबाने दुपारपर्यंत हरभरा गोळा करून उंचवट्यावर गंजी रचावी व झाकावी. दुपारनंतर कांदा उचलून निवाऱ्याखाली न्यावा. शनिवारी सकाळी पक्व गव्हास हात घालावा. एकरास आठ माणसांचा एक दिवस लागतो असे धरले, तर सहा माणसे अर्ध्या दिवसात जेमतेम तीन-आठांश एकर कापतील, आणि पेंढ्या वाहून झाकण्यास वेळ ठेवावयाचा तर त्याहूनही कमी. कापणीचे यंत्र वेळेवर मिळाले तर पूर्ण एकर निघेल. न मिळाले तर उरलेला गहू उभाच राहू द्यावा. चिकातील दोन एकरांची चिंता करून त्या दिवशी काही साधणार नाही. याच माणसांनी शुक्रवारी सकाळी गव्हापासून आरंभ केला असता, तर शनिवारी हरभरा, कांदा व कापलेला गहू हे तिन्ही जमिनीवर भिजत पडले असते.

पक्वतेची पारख नजरेने न करता हाताने करावी. गव्हाचा दाणा नखाने दाबला असता चीक निघत असेल, तर तो कच्चा समजावा. दाताखाली कट्‌कन फुटत असेल, तर तो तयार आहे. ज्वारीच्या दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसू लागला, म्हणजे दाणा पूर्ण भरला असे समजावे. हरभऱ्याची पाने गळून घाटे पिवळे पडले व हलविले असता आत दाणे वाजू लागले, की तो काढणीस आला.

पीकवार काळजी

धान्य व कडधान्य : गंजी उंच जागी रचावी. खाली तुऱ्हाट्या, पळाट्या किंवा दगड-फळ्यांचा थर द्यावा, कणसे व घाटे आतल्या बाजूस ठेवावेत आणि वरून ताडपत्री घालून ती चारी बाजूंनी दोरांनी बांधावी. नुसती दगड ठेवून दाबलेली ताडपत्री वादळात उडून जाते. गंजीभोवती वीतभर खोल चर काढावा. दहा मिलिमीटर पाऊस म्हणजे एका एकरावर सुमारे चाळीस हजार लिटर पाणी होय; त्यास वाट काढून दिली नाही, तर झाकलेला मालही बुडातून भिजतो.

गव्हास पाणी देण्याची पाळी असली, तरी इशारा असताना ते देऊ नये. ओल्या जमिनीत मुळांची पकड सैल होते व वाऱ्याने पीक लोळते. औषधाची फवारणी व वरखते देण्याचे कामही पुढे ढकलावे.

कांदा : काढलेला कांदा निवाऱ्याखाली न्यावा. जागा अपुरी असल्यास लहान ढीग करून झाकावेत, मात्र वादळ जाताच ते उघडून हवा द्यावी. भिजलेला कांदा कोरड्या कांद्यात मिसळून चाळीत भरू नये. एका भिजलेल्या टोपलीने सारी चाळ सडू शकते.

द्राक्षे व बेदाणा : गोडी भरलेले घड व्यापाऱ्याशी बोलून आधीच तोडावेत. कच्चे घड केवळ भीतीने तोडू नयेत. मांडवाचे ताण, खांब व तारा तपासून घ्याव्यात, कारण घडांच्या भाराने व वाऱ्याने मांडव कोसळल्यास वेलींचेही नुकसान होते. बेदाण्याच्या शेडचे पडदे वाऱ्याच्या बाजूने पक्के बांधावेत. वाळत असलेली द्राक्षे भिजली तर बेदाणा काळा पडतो व त्याची प्रत उतरते.

फळबागा : गारारोधक जाळी असल्यास ती ताणून घ्यावी. केळीच्या झाडांना टेकू द्यावेत. मोहोरलेल्या आंब्यास ढगाळ हवेत भुरी, करपा व तुडतुडे यांचा उपद्रव वाढतो. बागेची पाहणी करून उघडीप मिळताच कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे उपाय करावा.

माणसे व जनावरे

पीक गेले तर पुढील हंगामात उभे करता येते. गेलेला जीव परत येत नाही. आपल्या देशात 30 एप्रिल 1888 रोजी उत्तर प्रदेशातील मुरादाबाद भागात झालेल्या गारपिटीत 246 माणसे मृत्युमुखी पडल्याची नोंद आहे. आपल्याकडे गारांपेक्षाही विजेचा धोका मोठा आहे. पाऊस येताच शेतातील माणसे झाडाखाली आसरा घेतात, आणि वीज नेमकी उंच झाडावर पडते.

वीज चमकल्यावर मनात आकडे मोजावेत. गडगडाट ऐकू येण्यास तीन सेकंद लागले, तर वीज सुमारे एक किलोमीटरावर पडली असे समजावे. हे अंतर तीस सेकंदांहून कमी झाले, की काम तेथेच सोडून पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. ताडपत्री उडत असली, तरी ती धरण्यास धावू नये. विहिरीवरील पंप, लोखंडी नळ, तारेचे कुंपण व विजेचे खांब यांपासून दूर राहावे. जवळ आसराच नसेल, तर सखल जागी दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसावे. जमिनीवर आडवे होऊ नये. विजेची पूर्वसूचना देणारे 'दामिनी' हे उपयोजन पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केले आहे. ते गावातील निदान काही तरुणांच्या भ्रमणध्वनीवर असावे.

जनावरे झाडाखाली बांधू नयेत. मेंढपाळांचे कळप या दिवसांत मोकळ्या शिवारात बसविलेले असतात व त्यांच्यापर्यंत सूचना सहसा पोहोचत नाही. त्यांना आवर्जून कळवावे व कळपास गावातील निवारा द्यावा. कडबा झाकून ठेवावा, बुरशी आलेला कडबा जनावरांना घालू नये. ज्वारी काढलेल्या शेतात पावसानंतर सडांना कोवळे फुटवे येतात. ते खाऊन जनावरांस किराळ लागते व ती दगावू शकतात, म्हणून अशा शेतात जनावरे सोडू नयेत.

वादळ ओसरल्यावर

प्रथम साचलेले पाणी काढून द्यावे. भिजलेला माल पातळ थरात पसरून वरचेवर हलवावा व ओलावा पुरेसा उतरल्यावरच मळणी करावी. गहू साठविताना त्यातील ओलावा शेकडा 12 हून अधिक नसावा. भिजलेले धान्य पुढील पेरणीसाठी बियाणे म्हणून राखू नये, कारण त्याची उगवणशक्ती घटलेली असते.

लोळलेला गहू बांधून उभा करण्याच्या खटपटीत पडू नये. दाणा भरत राहतो, तो पक्व होताच हाताने कापून घ्यावा. हरभऱ्यावर घाटेअळी व गव्हावर तांबेरा दिसतो काय, याकडे आठवडाभर लक्ष ठेवावे.

फळझाडांच्या मोडलेल्या फांद्या धारदार करवतीने सपाट कापून जखमांवर बोर्डो मलम लावावे. त्यासाठी मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो व पाणी 10 लिटर हे प्रमाण ठेवावे. मोठी इजा झालेल्या झाडांवर 1 टक्का बोर्डो मिश्रण फवारावे. त्यात मोरचूद व चुना प्रत्येकी 1 किलो आणि पाणी 100 लिटर असते. डाळिंबाच्या जखमांतून तेल्या रोग शिरतो, म्हणून तेथे विलंब करू नये. मात्र तोडणीस आलेल्या फळांवर तज्ज्ञाच्या सल्ल्यावाचून कोणतेही औषध फवारू नये.

नुकसानीची नोंद तत्काळ करावी. गट क्रमांक, पीक, क्षेत्र व तारीख लिहून छायाचित्रे घ्यावीत आणि गावातील महसूल व कृषी कर्मचाऱ्यांस कळवावे. शेकडा 33 वा त्याहून अधिक नुकसान झाल्यास आपत्ती निवारण निधीच्या निकषांप्रमाणे साहाय्य मिळू शकते. पीक विम्याच्या अटी हंगामागणिक बदलतात, म्हणून सूचना कोणास व किती मुदतीत द्यावयाची हे हंगामाच्या आरंभीच विचारून ठेवावे. पंचनाम्याची वाट पाहत भिजलेला माल सडू देऊ नये. छायाचित्र काढून व शेजाऱ्यांस दाखवून तो वाचवावा.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांचे काम

इशारा आला की तो चावडीवरील फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावा व दवंडी किंवा ध्वनिक्षेपकावरून सांगावा. सांगताना 'वादळ येणार आहे' एवढेच न सांगता, 'शनिवारी दुपारनंतर आपल्या जिल्ह्यात तुरळक ठिकाणी गारपिटीचा संभव आहे. कापलेला माल आज सायंकाळपर्यंत झाकावा' असे काळ, स्थळ व काम यांसह सांगावे. गावात कोणाकडे किती ताडपत्र्या आहेत, कोणते गोदाम, समाजमंदिर वा शाळेची पडवी रिकामी आहे, मळणीयंत्रे किती आहेत, याची यादी माघातच करून ठेवावी. ज्या घरी कर्ता पुरुष नाही, जेथे वृद्ध वा एकटी स्त्री शेती पाहते, अशा घरांची नावे त्या यादीत सर्वांत वर असावीत. ज्यांचा माल झाकून झाला, त्यांनी अशा शेतांवर अर्धा दिवस द्यावा.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. चार वेळा इशारा मिळाला व तीन वेळा गावात गार पडली नाही, तर लोक पाचव्या वेळी हसू लागतात. अशा वेळी कार्यकर्त्याने अंदाजाची बाजू घेऊन वाद घालू नये व त्याची थट्टाही करू नये. ढग शेजारच्या तालुक्यात बरसला की नाही, हे लोकांसमोर ठेवावे, आणि साधा हिशेब मांडावा. गंजी झाकण्यास अर्ध्या दिवसाची मजुरी लागते. न झाकलेली गंजी भिजली तर चार महिन्यांची कमाई जाते. तीन वेळा अर्धा दिवस वाया गेला आणि चौथ्या वेळी गंजी वाचली, तरी शेतकरी नफ्यातच राहतो.

आपल्या वाडवडिलांनी वाऱ्याची दिशा, चंद्राभोवतीचे खळे व मुंग्यांची धावपळ पाहून पावसाचे आडाखे बांधले. आकाशाकडे पाहण्याची ती सवय सोडण्याचे कारण नाही. तिच्या जोडीस आता चार-पाच दिवस पुढचे पाहण्याचे साधन मिळाले आहे. ते दूरवरच्या विक्षोभाची खबर देते. गंजी रचणे, चर काढणे व माणसांस वेळेवर घरी बोलाविणे ही कामे मात्र गावानेच करावयाची आहेत. शुक्रवारची सूचना ऐकून सायंकाळी आपल्या शिवारावरून एक फेरी मारावी आणि जमिनीवर काही उघडे पडले नाही, याची खात्री करूनच घरी परतावे.